हिवाळी हवामान, भाजीपाला आणि बाजारभाव

डिसेंबर महिन्यातील एखाद्या सकाळी पणजी, मडगाव अथवा म्हापसा येथील बाजारात फेरी मारली असता भाजीपाल्याची समृद्धी सहज नजरेत भरते. तांबड्या भाजीच्या जुड्या, पांढरेशुभ्र मुळे, वांगी, वालाच्या शेंगा असा गावचा माल एका बाजूस, तर घाटमाथ्यावरून आलेले कोबी, फ्लॉवर, गाजर व टोमॅटो दुसऱ्या बाजूस मांडलेले असतात. हिवाळा हा भाजीचा सुगीचा काळ होय, अशी सर्वसाधारण समजूत आहे आणि ती बहुतांशी खरीही आहे. तथापि याच हिवाळ्यात एखाद्या वर्षी कांद्याचा भाव सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर जातो; एखाद्या वर्षी टोमॅटोचा भाव इतका कोसळतो की, तोडणीची मजुरीही निघत नसल्याने शेतकऱ्यास उभे पीक सोडून द्यावे लागते. ग्राहक याचा दोष व्यापाऱ्यास देतो, व्यापारी वाहतुकीस देतो आणि शेतकरी नशिबास देतो. परंतु या चढ-उतारामागे हवामानाचा जो हिशेब असतो, तो समजून घेतल्यास पुष्कळशा गोष्टींचा उलगडा होतो. हिवाळ्यातील भाव त्या दिवशीच्या थंडीवर फारसा अवलंबून नसून तो दोन-तीन महिन्यांपूर्वीच्या पावसावर व हवेवर अवलंबून असतो, हे त्या हिशेबाचे मुख्य सूत्र आहे.

घाटमाथा आणि किनारा

गोव्याच्या भाजीबाजारास दोन निरनिराळ्या हवामानांचा आधार आहे. बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर वसलेले आहे. उंची हजार मीटरने वाढली की हवा साधारणपणे सहा ते साडेसहा अंशांनी थंड होते. त्यामुळे जानेवारीत पणजीचे किमान तापमान सरासरी २० अंश सेल्सियसच्या आसपास असताना बेळगावचे तापमान १४ ते १५ अंशांपर्यंत उतरते. चोर्ला घाटाच्या खाली आणि वर एवढा फरक असल्यामुळे कोबी, फ्लॉवर, गाजर यांसारखी थंडी मानणारी पिके घाटमाथ्यावर उत्तम येतात. बेळगाव परिसरातील रताळीही याच सुमारास बाजारात उतरतात. हा माल ट्रक व टेम्पोंतून घाट उतरून गोव्यात येतो. राज्याचे फलोत्पादन महामंडळही बेळगावच्या बाजारातून भाजी आणून आपल्या विक्रीकेंद्रांतून ती सवलतीच्या दरात पुरविते, तसेच गोव्यातील शेतकऱ्यांकडूनही माल खरेदी करते.

किनाऱ्यावरील शेतीचा क्रम याहून वेगळा आहे. पावसाळी म्हणजे शरद हंगामाचे भात कापून झाले की जमिनीतील ओलाव्याचा व उपलब्ध पाण्याचा लाभ घेऊन वायंगण हंगामात अळसांदे, तांबडी भाजी, मुळा, वांगी, मिरची, वाल इत्यादी पिके घेतली जातात. आगशी व ताळगाव या गावांची नावे तर वांग्यांशी जोडली गेली आहेत. या पिकांना कडाक्याची थंडी लागत नाही. कोरडी हवा, स्वच्छ ऊन व सौम्य रात्र एवढ्यावर ती चांगली पोसतात. म्हणून गोव्याच्या दृष्टीने चांगला हिवाळा तोच, ज्यात भात वेळेवर कापले जाते आणि त्यानंतर पाऊस पडत नाही.

थंडीचे पिकांवर होणारे परिणाम

थंडीचा परिणाम सर्व पिकांवर सारखा होत नाही. फ्लॉवरला गड्डा धरण्यासाठी ठराविक गारवा लागतो आणि प्रत्येक वाणाची ही गरज वेगवेगळी असते. लवकर येणारा वाण उशिरा लावल्यास गड्डा बोराएवढा राहतो, आणि उशिराचा वाण लवकर लावल्यास उष्णतेमुळे पाने वाढत जातात, गड्डा मात्र धरत नाही. वाटाणा व गाजर यांच्यात थंडीमुळे साखर टिकून राहते. जानेवारीतील वाटाणा गोड लागतो, त्याचे कारण हेच. उष्ण हवेत वाटाण्यातील साखरेचे पिठात रूपांतर लवकर होऊन दाणा टणक बनतो.

टोमॅटोची गोष्ट निराळी आहे. रात्रीचे तापमान १५ ते २० अंशांच्या दरम्यान असल्यास त्याची फळधारणा चांगली होते. ते १३ अंशांखाली गेल्यास परागकण दुर्बल होतात, फुले गळतात व फळे वेडीवाकडी धरतात. धरलेली फळेही थंडीत सावकाश पिकतात. त्यामुळे थंडीची लाट आली की बाजारातील टोमॅटोची आवक काही दिवस घटते. झाडावर माल असतो, पण तो तयार नसतो. लाट ओसरून ऊन वाढले की साचलेला माल एकदम तयार होतो आणि सर्वांचीच तोडणी एकाच आठवड्यात आल्याने भाव खाली येतो. पंधरा दिवसांच्या अंतराने दिसणारी टंचाई व मुबलकता ही अशा वेळी एकाच पिकाची असते.

वांगी, भेंडी, काकडी व केळी ही मूळची उष्ण प्रदेशातील पिके आहेत. दहा-बारा अंशांच्या खाली त्यांना इजा होते. जळगाव व बऱ्हाणपूर या केळीच्या पट्ट्यात या इजेस ‘चरका’ म्हणतात. पानांवर पिवळे-तपकिरी चट्टे दिसतात, नवीन पाने व घड बाहेर पडण्यास अडचण येते, आणि घड पक्व होण्यास नेहमीपेक्षा अधिक दिवस लागतात. अशा केळ्यांची साल पिकल्यावरही पिवळीधमक न होता मळकट दिसते. गर खाण्यास योग्य असूनही ग्राहक हात आखडता घेतो व भाव पडतो. घरातील शीतकपाटात केळी ठेवल्यास ती काळी पडतात, तेही याच कारणाने.

थंडीचा एक मोठा उपकारही सांगितला पाहिजे. तोडलेली भाजी जिवंत असते व ती श्वसन करीत असते. तापमान दहा अंशांनी वाढले की श्वसनाचा वेग साधारणतः दुप्पट ते तिप्पट होतो, आणि त्या प्रमाणात भाजीचे आयुष्य कमी होते. मे महिन्यात दुपारपर्यंत मलूल होणारी पालेभाजी जानेवारीत दुसऱ्या दिवशीही ताजी राहते. घाट उतरून येणाऱ्या मालात सड कमी निघते आणि किरकोळ विक्रेत्यास नासाडीसाठी भावात घालावा लागणारा हिस्सा कमी होतो. हिवाळ्यात भाजी स्वस्त मिळण्याचे हेही एक कारण आहे.

दंव, मळभ आणि अवकाळी पाऊस

शेतकऱ्यास खरी भीती कोरड्या थंडीपेक्षा दमट हवेची असते. पहाटेचे दाट धुके, पानांवर तासन् तास टिकणारे दंव आणि दिवसभराचे मळभ यांमुळे बुरशीजन्य रोगांस पोषक स्थिती निर्माण होते. बटाटा व टोमॅटो यांवरील उशिराचा करपा हा थंड, ओल्या व ढगाळ हवेत थोड्याच दिवसांत सबंध शेत काळे करू शकतो. माळव्यातील बटाटा उत्पादक हिवाळ्यात आकाशाकडे काळजीने पाहतात, ते याचसाठी. इंदूर व ग्वाल्हेरकडे किमान तापमान चार अंशांच्या खाली उतरून निरभ्र, निवांत रात्री हिमकण पडल्यास बटाटा, वाटाणा व हरभरा यांची कोवळी पाने करपून जातात. तेथील अनुभवी शेतकरी अशा रात्रीपूर्वी पिकास हलके पाणी देतो, कारण ओली जमीन दिवसाची उष्णता अधिक साठविते व ती रात्री हळूहळू सोडते.

द्राक्षांचेही असेच आहे. नाशिक जिल्ह्यात थंडी वाढली की मण्यांची फुगवण मंदावते, आणि तयार मण्यांवर पाऊस पडल्यास त्यांना तडे जातात. २०१७ च्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ‘ओखी’ चक्रीवादळ अरबी समुद्रातून उत्तरेकडे सरकले, तेव्हा ऐन हिवाळ्यात पश्चिम किनाऱ्यावर ढगाळ हवा व पाऊस झाला. २०२३ च्या नोव्हेंबर महिन्याच्या अखेरीस नाशिक जिल्ह्यातील निफाड व अन्य भागांत गारपीट झाली आणि द्राक्षबागांबरोबर कांद्याचेही नुकसान झाले. अशा वेळी पीक पूर्ण नष्ट झाले नाही तरी त्याची प्रत उतरते. डागाळलेला माल वेगळा काढावा लागतो, दूरच्या बाजारात पाठविता येत नाही व जवळच मिळेल त्या भावात विकावा लागतो. परिणामी एकाच दिवशी एकाच बाजारात उत्तम माल महाग आणि हलका माल मातीमोल, असे चित्र दिसते.

कोकण व गोव्यातील बागायतदारांस हिवाळ्याचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. आंब्यास मोहोर येण्यासाठी थंड रात्री आवश्यक असतात. त्या लांबल्यास मोहोर लांबतो. मोहोर आल्यावर मळभ राहिल्यास तुडतुडे व भुरी यांचा उपद्रव वाढतो, तर काजूच्या कोवळ्या पालवीवर व मोहोरावर ढेकण्या हल्ला करतो. एप्रिल-मे महिन्यांत मानकुरादचा जो भाव असेल, त्याचा पाया डिसेंबर-जानेवारीच्या रात्रींनी घातलेला असतो.

भाव मागील हवामानाचा असतो

पीक तयार होण्यास लागणारे दिवस ध्यानात घेतले, म्हणजे हवामान आणि भाव यांतील अंतर स्पष्ट होते. तांबडी भाजी पेरणीनंतर सुमारे २५ ते ३० दिवसांत बाजारात येते. मुळ्यास ४० ते ५० दिवस लागतात. टोमॅटोची पहिली तोडणी रोपे लावल्यापासून साधारण ६० ते ७५ दिवसांनी होते, आणि कोबीस वाणानुसार ६० ते ९० दिवस लागतात. म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यास पावसाने रोपे कुजली, तर त्याची झळ नाताळच्या बाजारात पोहोचते. त्या दिवशी आकाश निरभ्र असते, हवा आल्हाददायक असते, आणि भाव का वाढला हे ग्राहकास कळत नाही.

या गोष्टीचे ठळक उदाहरण म्हणजे २०१९ चे वर्ष होय. त्या वर्षी नैऋत्य मोसमी पाऊस उशिरापर्यंत रेंगाळला. ऑक्टोबरच्या अखेरच्या आठवड्यात अरबी समुद्रात ‘क्यार’ चक्रीवादळ निर्माण झाले आणि गोवा, सिंधुदुर्ग व रत्नागिरी भागांत मुसळधार पाऊस झाला. कापणीस आलेले भात आडवे झाले. भाताची कापणी लांबली की जमीन मोकळी होण्यास विलंब होतो, आणि त्यामागून येणारी वायंगणातील भाजीही तितकीच मागे पडते.

त्याच पावसाळी काळात महाराष्ट्र व उत्तर कर्नाटकातील खरीप कांद्याची हानी झाली. कांद्याचे वार्षिक गणित असे आहे : मार्च ते मे या काळात निघणारा रब्बी कांदा टिकाऊ असतो व तो चाळीत साठवून ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत पुरविला जातो. त्यानंतर ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत खरीप कांदा व जानेवारी ते मार्च या काळात रांगडा कांदा बाजाराची गरज भागवितो. चाळीतील साठा संपत आलेला असतानाच खरीप कांदा पावसाने भिजला की दोन्हींच्या मध्ये पोकळी निर्माण होते. २०१९ मध्ये नेमके हेच घडले. केंद्र सरकारने २९ सप्टेंबर रोजी कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली, तरीही डिसेंबर महिन्यात देशातील अनेक शहरांत कांद्याचा किरकोळ भाव किलोमागे १०० रुपयांच्या वर गेला. पुढे इजिप्त, तुर्कस्थान आदी देशांतून कांदा मागविण्यात आला. परंतु त्यातील बराचसा माल बंदरात येऊन पोहोचेतो देशातील नवा कांदा बाजारात येऊ लागला होता, भाव उतरू लागले होते आणि आयात कांद्यास उठाव राहिला नव्हता. भाव वाढल्यानंतर योजलेला उपाय हवामानाच्या मागून धावतो, हा त्या प्रसंगाचा बोध आहे. पावसाने पिकाची हानी झाल्याचे ऑक्टोबरमध्येच ओळखून पावले टाकली, तरच ती डिसेंबरला उपयोगी पडतात.

२०२१ च्या नोव्हेंबरमध्ये आंध्र प्रदेश, कर्नाटक व तामिळनाडूत अतिवृष्टी झाली आणि दक्षिणेतील अनेक शहरांत टोमॅटो असाच कडाडला. नवीन लागवडीचा माल येईपर्यंत त्यात उतार पडणे शक्य नव्हते.

थोड्या तुटीने भाव का भडकतो

कांदा, टोमॅटो, मिरची या रोजच्या स्वयंपाकातील वस्तू आहेत. त्या महाग झाल्या म्हणून कुटुंबाची गरज फारशी कमी होत नाही, आणि स्वस्त झाल्या म्हणून कोणी दुप्पट खात नाही. यामुळे आवक थोडीशी घटली तरी भाव मोठ्या प्रमाणात चढतो, व थोडीशी वाढली तरी तितक्याच वेगाने कोसळतो. त्यातच भाजी साठवून ठेवता येत नाही. लिलावास आलेला कोबी त्याच दिवशी विकावा लागतो.

गोव्यात डिसेंबर महिन्यात मागणीची बाजूही जड होते. नाताळ, नववर्ष, ठिकठिकाणच्या जत्रा व फेस्त, लग्नसमारंभ आणि पर्यटकांची गर्दी एकाच सुमारास येते. जानेवारीच्या मध्यास संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीच्या भाजीसाठी गाजर, वांगी, वाल, ओला हरभरा यांना बेळगाव व महाराष्ट्राच्या बाजारांत एकाएकी मागणी येते, व त्या दोन-तीन दिवसांत गोव्याकडे येणारा माल महागतो. यात हवामानाचा संबंध नसतो. मात्र त्याच वेळी हवामानानेही दगा दिल्यास दोन्ही कारणे एकत्र येऊन भाव भडकतो.

भाव वाढला म्हणजे शेतकरी श्रीमंत झाला, असाही गैरसमज आढळतो. रिझर्व्ह बँकेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासनिबंधानुसार ग्राहकाने दिलेल्या रुपयातील टोमॅटोसाठी सुमारे ३३ पैसे, कांद्यासाठी ३६ पैसे व बटाट्यासाठी ३७ पैसे शेतकऱ्याच्या हाती पडतात. उरलेला भाग अडत, हमाली, वाहतूक, नासाडी व मधल्या विक्रेत्यांचा नफा यांत जातो. शिवाय ज्याचे पीक पावसाने गेले त्याच्याजवळ महाग भावात विकावयास मालच नसतो.

याहून मोठा धोका पुढील हंगामात दडलेला असतो. डिसेंबरातील चढा भाव पाहून अनेक शेतकरी एकाच वेळी त्याच पिकाची लागवड करतात. दोन-तीन महिन्यांनी सर्वांचा माल एकदम बाजारात येतो, आणि ज्या भावाकडे पाहून रोपे लावली तो भाव केव्हाच नाहीसा झालेला असतो. कोबीच्या शेतात जनावरे सोडण्याची अथवा टोमॅटो बांधावर ओतण्याची पाळी अशा वेळी येते. अल्पभूधारक शेतकऱ्याने बियाणे, खते व औषधे यांसाठी काढलेले कर्ज मात्र तसेच राहते.

काय करता येईल

शेतकरी बंधूंनी लागवडीचा निर्णय घेताना आजच्या भावापेक्षा दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे : आपले पीक ज्या आठवड्यात तयार होईल त्या आठवड्यात बाजारात आणखी कोणता माल येणार आहे, आणि आसपास त्या पिकाची किती लागवड झाली आहे. सर्व वाफ्यांत एकाच दिवशी पेरणी न करता दहा-बारा दिवसांच्या अंतराने थोडी थोडी पेरणी केल्यास तांबडी भाजी, मुळा, कोथिंबीर यांची तोडणी विभागली जाते, व एका पावसाने वा एका मंदीने सर्वच माल हातचा जात नाही. रोपवाटिका उंच गादीवाफ्यावर करावी, म्हणजे परतीच्या पावसाचे पाणी साचून रोपे कुजणार नाहीत. पहाटे दंव असताना तोडलेली भाजी ओली भरल्यास करंडीत तापून सडते, म्हणून दंव सुकल्यावर तोडणी करावी किंवा माल सावलीत पसरून निथळू द्यावा. हवामान खात्याचे कृषी सल्ले दर मंगळवारी व शुक्रवारी प्रसृत होतात. फवारणी, पाणी व काढणी यांचा बेत ते पाहून करावा. पाऊस अपेक्षित असता फवारणी केल्यास पैसा व औषध दोन्ही वाहून जातात.

गावपातळीवरील अधिकाऱ्यांनी व सहकारी संस्थांनी परतीच्या पावसानंतर लगेच रोपवाटिकांची व उभ्या पिकांची पाहणी केल्यास पुढील दोन महिन्यांतील आवकेचा अंदाज वेळीच बांधता येईल. नुकसान झालेल्या शेतकऱ्यास त्याच आठवड्यात बियाणे वा रोपे मिळाली तर त्याचा हंगाम वाचतो. महिन्याभराने मिळालेल्या मदतीने ती लागवड साधत नाही.

शिक्षकांना या विषयात मोलाचे कार्य करता येण्यासारखे आहे. शाळेच्या आवारात एक साधे पर्जन्यमापक व कमाल-किमान तापमापक बसवून विद्यार्थ्यांकडून रोजची नोंद ठेवावी, आणि त्याच वहीत आठवड्याच्या बाजारातील पाच भाज्यांचे भाव लिहावेत. वर्षअखेरीस दोन्ही नोंदी शेजारी ठेवून पाहिल्यास कोणत्या पावसाचा परिणाम किती आठवड्यांनी भावात उतरला, हे मुलांना स्वतःच्या गावच्या आकड्यांवरून कळेल. त्यातील बहुतेक मुले शेतकरी कुटुंबांतील असल्याने ती वही घरच्या लागवडीच्या निर्णयासही उपयोगी पडेल.

गृहिणींनी व इतर ग्राहकांनीही हंगामाचा क्रम ध्यानात ठेवावा. टोमॅटो महाग असताना आमसुलाने किंवा चिंचेने आमटीला आंबटपणा आणता येतो. फ्लॉवर महाग असेल तर गावची तांबडी भाजी व मुळा स्वस्त असण्याचा संभव असतो. ज्या आठवड्यात जो माल मुबलक असेल तो घेतल्याने घरचा खर्च आटोक्यात राहतो आणि उत्पादकाचा मालही उठतो. सालीवर किंचित डाग पडलेले केळे अथवा आकाराने लहान टोमॅटो अन्न म्हणून कमी प्रतीचे नसतात. थंडीने त्यांचे रूप तेवढे बिघडलेले असते.

हवामान मनुष्याच्या हाती नाही. मात्र ऑक्टोबरच्या पावसाने शेतात जे घडते, ते डिसेंबरच्या बाजारात दिसेपर्यंत मध्ये दोन महिन्यांचा अवधी मिळतो. या अवधीत शेतकऱ्याने आपली लागवड, अधिकाऱ्याने आपली पाहणी आणि ग्राहकाने आपली खरेदी यांचा विचार केला, तर हिवाळ्यातील समृद्धीचा लाभ टोपली घेऊन बाजारात आलेल्या शेतकरणीस आणि पिशवी घेऊन आलेल्या गृहिणीस सारखाच मिळू शकेल.